फोनवर काढलेला गाडीचा आवाज

जव्हारची आठवण म्हटल्यावर तुम्ही राजवाडा, धबधबे, थंड हवा असलं काहीतरी धरून बसला असाल. सोडा. इथे फक्त शॉकअप आहेत, तेही गेलेले.

मामा मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठनं निरोप देताना आपली जुनी परदेशी गाडी त्यालाच दिली. लांबलचक, पांढरी, आत लेदरच्या सीटा. मामा ती जव्हारला घेऊन आला आणि लग्नांना भाड्यानं द्यायला लागला. पण मोखाड्याच्या रस्त्यानं तिचे शॉकअप खाल्ले. खड्डा आला की पुढून बारीक आवाज यायचा, टक, टक.

मेकॅनिक चाचा गाडीखाली झोपून म्हणाले, "पुढचे गेले. मागचे चालतील अजून."

हातातल्या पैशात मुंबईहून एकच जोडी मागवणं जमणार होतं. त्यात मामानं पोशेऱ्याच्या मित्राला शब्द दिलेला, पोरीची पाठवणी ह्याच गाडीतून. लग्न दहा दिवसांवर.

एसटीडी बूथवरून मुंबईच्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं विचारलं, "आवाज कैसा आता है?" मामानं रिसीव्हर माझ्याकडे दिला. "काढ रे भाच्या, तुला जमतं."

हेडमास्तरांपासून कंडक्टरपर्यंत मी सगळ्यांचे आवाज काढायचो. बूथबाहेर ही रांग! एवढ्या पब्लिकसमोर नुसतं टक टक कोण करणार? मी केलं, "धडाड्... खळ्ळ... खुडुम!" रांग फिदीफिदी हसली. मी परत केलं.

"ये तो पीछे का है," दुकानदार म्हणाला.

चाचा कळवळून सांगत होते, "अरे, मी हात लावून बघितलंय." पण मुंबईवाला बोलल्यावर जव्हारात चाचांना कोण विचारतो? मागचेच मागवले.

पाठवणीला नवरा-नवरी बसले. गावाबाहेरच्या पहिल्याच उतारावर पुढचा शॉकअप कडकन तुटला, गाडीनं नाक टेकलं. नवरीला वऱ्हाडाच्या जीपमध्ये कोंबलं. तिचा बाप मामाकडे न बघताच निघून गेला. मामा बोनेटवर हात ठेवून तसाच उभा. त्यानंतर कुणाच्याच लग्नाला त्याच्या गाडीचं बोलावणं आलं नाही.

पाठवणीच्याच संध्याकाळी मी कबूल केलं, "मामा, आवाज मी वाढवून काढला होता."

"माहीत हाय. तिथंच होतो ना मी? मीपण हसलो." मग एकदम भडकला. "गाढवा, सगळ्यांचे आवाज येतात ना तुला? मग जा पोशेऱ्याला. त्या बापासमोर माझ्या आवाजात माफी माग. माझ्या तोंडून निघत नाय!"