नाळेवरची सही

माझ्या बाळाची नाळ रानात पुरायची नाही, हे मी सातव्या महिन्यातच ठरवलं होतं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते. घरात कुणाचा पाठिंबा नव्हता, आणि मी तो मागितलाही नव्हता.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील सांगलीच्या आयसीयूत वारले. मेंढरांमागं जन्म काढलेला माणूस, पायात बाभळीचा काटा मोडल्याचं निमित्त झालं. विष रक्तात भिनलं. डॉक्टर म्हणाले, "जंतू आटोक्यात आलेत, पण त्यांच्याशी लढताना शरीरानंच जी सूज उठवलीय ती थांबेना. फुफ्फुसं त्यातच गेली." मी मोबाइलवर वाचलेलं तोडकंमोडकं त्यांच्यापुढं ठेवलं, की स्टेम सेलनं ती सूज निवते म्हणतात, मग द्या की. ते म्हणाले, "प्रयोग चाललेत. गुण येईल का, अजून सांगता येत नाही." तिसऱ्या दिवशी वडील गेले. त्या उत्तराचा मला आलेला राग आजही तसाच आहे.

म्हणून तपासणीच्या वेळी एका डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. त्या म्हणाल्या, एरवी नाळ टाकूनच देतात, ती आमच्या प्रयोगशाळेला द्याल का? तिच्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वाढवून त्यांनी हीच सूज निवते का, ते आम्ही बघतोय. मी तिथंच सही केली.

आईनं घर डोक्यावर घेतलं. "नाळ आपल्या रानात पुरत्यात. तुजीबी तितंच हाय, बांधावरच्या बाभळीखाली. न्हाईतर पोर घराला ऱ्हात न्हाई."

"मग त्या बाभळीनं माज्या बापाला का न्हाई ऱ्हाऊ दिलं?"

इतकं लागेल असं बोलायला नको होतं, पण बोलले. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला दोन्ही वेळा वाढायची, ताट जरा आपटूनच.

कळा सुरू झाल्या, तशी आई झाकणाचा स्टीलचा डबा घेऊनच दवाखान्यात आली. नाळ न्यायला. हट्ट मी हिच्याकडूनच घेतलाय, त्यामुळं मीही हटणार नव्हते. तिला माझ्या उशाशी बसू दिलं होतं, डबा मांडीवर. मुलगी झाली. डॉक्टरबाई बर्फाची पेटी घेऊन आल्या आणि आई मधेच उभी राहिली.

"आई, सही माजी हाय!" मी ओरडले. तेवढाच जीव उरला होता.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरबाईंना म्हणाली, "आवं, ह्यानं मानूस उठंल का?"

"खोटं नाही बोलणार मावशी. अजून सांगता येत नाही."

"मालकांच्या येळंलाबी ह्येच सांगितलं हुतं तुमी लोकांनी."

मुलगी रडतच होती. मग आईनं डबा पिशवीत कोंबला आणि ती बाजूला झाली.

"न्या," ती म्हणाली. "पर म्होरच्या बाईला तरी आसं सांगू नगा."