चिमटेबाईंची उलटी फेरी

कोको संशोधन केंद्रात माणसांपेक्षा झाडांचा मानपान जास्त चालतो, असं मी बागायतदारांच्या सभेत ओरडून सांगायचे तेव्हा लोक हसायचे. त्यांना वाटायचं मी टोमणा मारतेय. टोमणा कसला? तिथे खरोखरच कुठल्या झाडाकडे आधी जायचं आणि कुणाला शेवटी ताटकळत ठेवायचं हे ठरलेलं होतं. आणि हा मानपान सांभाळायच्या चिमटेबाई.

हे नाव आम्ही ठेवलेलं. बाईंच्या खांद्याला एक पेटी असायची, पेटीला नळी आणि नळीच्या टोकाला काचेसारखा पारदर्शक चिमटा. झाडाचं पान त्या चिमट्यात धरायचं. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड किती ओढून घेतंय, पाणी किती सोडतंय, हे पेटीच्या पडद्यावर दिसायचं. उजेड, पाणी आणि तो वायू यांच्यावर पान आपलं अन्न स्वतः शिजवतं, याला शाळेत प्रकाशसंश्लेषण म्हणतात. बाईंच्या भाषेत, पान किती जेवतंय ते बघायचं. कोकोच्या कुठल्या जातीचं पान जास्त जेवतं, हे ठरवण्यासाठी केंद्राने ही सगळी यातायात मांडली होती.

बाई डोक्यावरच्या टोपीची नाडी हनुवटीखाली आवळून अशा चालायच्या, की माळीसुद्धा त्यांच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून बाजूला व्हायचा. ‘माझं चुकलं’ हे शब्द या बाईंच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. एकदा केंद्रातल्या सगळ्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं, ते बाईंनीच टाकलेलं. तर म्हणे, "मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवायची अक्कल कुणाची?" डबा ठेवणाऱ्याही त्याच, पण विचारणार कोण?

केंद्रात दोन जातींचा सामना चालू होता. एक ‘जुनी लाल’, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या बागांतली, लाल फळांची. दुसरी ‘सहा नंबर’, केंद्रप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, स्वतः तयार केलेली. साहेब सहा नंबरकडे असे बघायचे, जसं लोक आपल्या पहिल्या लेकराकडे बघतात. रोज सकाळी व्हरांड्यात उभं राहून विचारायचे, "काय म्हणतंय आमचं सहा नंबर?"

साहेबांनी विचारायच्या आत उत्तर तयार असावं, म्हणून बाईंची फेरी सहा नंबरपासून सुरू व्हायची. असा कुणी हुकूम सोडलेला नव्हता. काही माणसांना हुकूम लागतच नाही, साहेबांची भुवई पुरते. तर आधी सहा नंबर, मग मधले वाफे, मग चहा, मग चहावरच्या गप्पा. आणि ऊन चांगलं डोक्यावर आलं की पार टोकाला, कुंपणाला खेटून, जुनी लाल. वर्षानुवर्षं हाच क्रम. आकडे काय आले असतील ते सांगायला नको. सहा नंबर भरपेट जेवतं, जुनी लाल नुसती उष्टवते. केंद्राने जाहीर करून टाकलं, की लाल झाडं काढा आणि सहा नंबर लावा. आम्ही फाटकावर घोषणा दिल्या. फाटक काही हललं नाही.

बाईंचा थोरला भाऊ आमच्यातलाच बागायतदार. उंच सावलीच्या झाडांखाली त्याची जुन्या लालची बाग, बापाने लावलेली. बाई सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जेवायला जायच्या आणि जेवून उठता उठता बोलायच्या, "दादा, तुझी झाडं आळशी आहेत."

"वन्सं, आळशी झाडाला एवढी फळं लागतात होय?" वहिनी ताटं उचलताना म्हणायची.

"फळं काय, कुणालाही दिसतात वहिनी. पानात काय चाललंय ते मशीनला दिसतं."

भाऊ मान डोलवायचा. बहीण शिकलेली, बहीण केंद्रात, बहिणीकडे मशीन. मी त्याला दहादा सांगितलं, अरे बाबा, थांब जरा. तर मलाच म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनाच खोटं म्हणता. मोजते माझी सख्खी बहीण. ती मला बुडवेल?" आणि गेला करवतवाल्याकडे दिवस ठरवायला. असा हा भोळा गडी. त्या वेळी मी त्याला भोळा म्हटलं नव्हतं, दुसरंच काहीतरी म्हटलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात केंद्रात पाहुणे आले. सहा नंबरपुढे उभं राहून त्यांना फोटो काढायचे होते. साहेब बाईंना म्हणाले, "बाई, आज त्या डबड्यासकट आमच्या पुढ्यात येऊ नका. आज मागून सुरुवात करा."

बाईंनी मागून सुरुवात केली. सकाळच्या दमट हवेत जुन्या लालचं पान चिमट्यात धरलं, तर आकडा वर. दुसरं पान, तिसरं पान, तरी वरच. बाईंनी पेटीला चापट मारली. फोटो उरकून पाहुणे गेले, तेव्हा त्या सहा नंबरपाशी पोचल्या. ऊन तापलेलं, हवा कोरडी. साहेबांचं लाडकं पान चिमट्यात, आणि आकडा खाली. बाईंनी नळी झटकली, चिमटा पुसला, पेटीला आणखी एक चापट. पेटीची काय चूक? पण बाईंच्या आजूबाजूला दुसरं कुणीतरी चुकलेलं असायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून मागून सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशीही. दोन्ही दिवस तेच झालं. तेव्हा कुठे बाईंनी पेटीला चापट मारणं सोडलं.

मला हसावं की रडावं कळत नाही ते पुढचं ऐका. पानावर बारीक छिद्रं असतात. हवा कोरडी झाली की पाणी वाचवायला पान ती मिटून घेतं, मग वायू आत जात नाही आणि जेवण थांबतं. कोको तर याबाबतीत फारच हळवा. हे केंद्रात शिकायला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला कोण शिकवायचं? चिमटेबाई! फळ्यावर छिद्राचं चित्र काढून, उघडं एक, मिटलेलं एक. शिकवून झालं की हात झटकायचे आणि पेटी उचलून निघायचं सहा नंबरकडे, साहेबांच्या आधी पोचायला. एकीला भूक असताना वाढलं, दुसरीला तोंड मिटल्यावर, आणि वर दुसरीला म्हटलं आळशी.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "बाई, रोपं वाटायला निघालीत. तुम्हाला ऊन लागलंय, घरी जा."

"पण साहेब, मोजणीच—"

"मोजणी कुणाची? माझी? मी कधी चिमटा हातात घेतलाय? चुकलं असेल तर तुमचं चुकलं. बघा बुवा, लेखी देताय का तसं."

बाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या नाहीत. तिथून थेट फाटकाबाहेर, पेटी खांद्यावर तशीच घेऊन. केंद्राची पेटी बाहेर न्यायला परवानगी लागते. इतकी वर्षं त्यांनी केंद्राची टाचणी बाहेर नेली नव्हती.

भावाच्या बागेत करवत आधीच सुरू झाली होती. मी तिथेच होते, वहिनीबरोबर, करवतवाल्याशी भांडत. पहिली ओळ आडवी झालेली, फळांसकट. बाई त्या आवाजात काहीतरी ओरडत होत्या, कुणाला ऐकू येईना. शेवटी त्या पुढच्या झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. करवतवाल्याने शिवी हासडली आणि करवत बंद केली.

भाऊ पुढे आला. "काय गं? आता काय?"

"थांबव हे. आकडे बरोबर नाहीत."

"मशीन बिघडलं?"

"मशीन… तसं नाही. फेरीचा क्रम होता ना, तो…"

"मग क्रम कुणी चुकवला?"

त्या वेळी मला वाटलं, आता मिठाच्या डब्यासारखं काहीतरी निघणार. बाईंच्या तोंडात शब्द आलेलेही दिसत होते. वहिनी आडव्या झाडाशेजारी बसली होती, एक लाल फळ मांडीवर घेऊन. बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"मी. माझं चुकलं, दादा. तुझी झाडं आळशी नाहीत. मी अवेळी मोजत होते."

भावाला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याने पडलेल्या झाडाची एक फांदी उचलून तिच्यापुढे धरली. "लाव चिमटा."

"दादा, हे कापलंय."

"लाव म्हणतो ना."

बाईंनी लावला. पडद्यावर आकडा उभा राहिला. चांगला होता.

"जेवतंय का?"

"जेवतंय."

"अजून?"

"अजून. त्याला कळायला जरा वेळ लागतो."

मग आकडा उतरू लागला. बाईंनी चिमटा काढला नाही, भावाने फांदी खाली ठेवली नाही. आकडा तळाला गेला तेव्हा भाऊ करवतवाल्याला म्हणाला, "जा तू." बाकीची बाग वाचली. बापाने लावलेली पहिली ओळ गेली ती गेली.

आता बाई केंद्रात फेरी आलटून-पालटून करतात, एक दिवस पुढून, एक दिवस मागून. तसं मोजल्यावर कळलं, की दोन्ही जातींत फारसा फरक नाही. सहा नंबर सकाळी जरा जास्त जेवतं, जुनी लाल पाणी जरा जपून वापरते. एवढ्यासाठी एवढा थाट! ही नवी पद्धत साहेबांनी शोधली, असं साहेब भाषणात सांगतात. टाळ्याही पडतात. पेटी बाहेर नेल्याबद्दल बाईंना नोटीस मिळाली. फाटकावर मी पुन्हा घोषणा दिल्या, या वेळी बाईंसाठी. तर बाई आतून येऊन मलाच म्हणाल्या, "आवाज कमी करा, मोजणी चालू आहे."

सुट्टीच्या दिवशी त्या अजून भावाकडे जेवायला जातात. वहिनी ताटं उचलता उचलता मुद्दाम विचारते, "काय वन्सं, कशी आहेत आमची झाडं?"

बाई हात धुऊन येतात, टोपीची नाडी आवळतात.

"मोजल्याशिवाय कसं सांगू?" म्हणतात, आणि कापलेल्या ओळीच्या बाजूने न जाता लांबून वळसा घालून बागेत शिरतात.