दाजींनी चढवलेलं एक्सपी

नारायणगावच्या बाजारात गोरखचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. आमच्याकडं पत्रिका छापणं म्हणजे लई जोखमीचं काम, राव. नवरानवरी राहिले बाजूला, निमंत्रकांत कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून भावकी हमरीतुमरीवर येते. गावोगावची ही भांडणं सोडवत गोरखनं ज्याच्या त्याच्या मानाचा क्रम कॉम्प्युटरात जपला होता. थोरल्याची पत्रिका उघडायची, नवरानवरी बदलायचे, धाकट्याची तयार. म्हणून पिंपरी पेंढारपासून शिनोलीपर्यंतचं गिऱ्हाईक त्याच्याकडंच यायचं.

मशीन विंडोज अठ्ठ्याण्णववर चालायचं. त्याच्या पुढचं विंडोज एक्सपी येऊन जुनं झालं तरी ते टाकायची गोरखची छाती होईना. त्याचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, ते नव्यावर चाललं नाही तर दुकानच बसायचं. पण मशीन सारखं अडकायचं, गिऱ्हाईक ताटकळायचं. शेवटी त्यानं धाकट्या बहिणीच्या, मंगलच्या नवऱ्याला विचारलं. अमृतदाजी पुण्यात कॉम्प्युटर शिकलेले.

"बिनघोर ऱ्हावा, गोरखभाऊ," दाजी म्हणाले. "सगळं सीडीवर काढून घेतो, मगच एक्सपी टाकतो."

घरच्या जावयावर संशय कसा घ्यायचा? गोरखनं मशीन त्यांच्या हवाली केलं.

एक्सपी चढलं, दिसायला झकास. मराठी मात्र उघडेना. सीडीही खराब निघाली म्हणून दाजी हळहळले, आणि हा भला माणूस उलट त्यांचीच समजूत घालत बसला! ऐन लग्नसराईत त्यानं नवं सॉफ्टवेअर आणून आठवतील तशी नावं लावली. एक चुलता पुतण्याच्या खाली गेला आणि भर दुकानात गोरखची अब्रू निघाली. गिऱ्हाईक पांगलं.

पुढं दाजींनी घोडेगावात घरालाच लागून पत्रिकांचं दुकान टाकलं. तरी गोरखच्या मनात काही आलं नाही. पेढे घेऊन गेला.

दाजींच्या मशीनवर विंडोज अठ्ठ्याण्णव होतं. वर पिंपरी पेंढारची पत्रिका उघडलेली, सगळी भावकी गोरखनं लावली होती तशीच जागच्या जागी.

"दाजी, तुमी का न्हाई एक्सपी टाकलं?"

"मराठी चालत न्हाई ना त्याच्यावर," दाजी सहज बोलून गेले.

म्हणजे आधीपासून ठाऊक होतं! परका असता तर गोरखनं गचांडीच धरली असती. जावयावर हात कसा टाकणार? तेवढ्यात मंगल चहा घेऊन आली. तिची नजर आधी मशीनवर गेली, मग भावावर.

"मंगल, तुला ठाव व्हतं?"

तिनं कप त्याच्यापुढं ठेवला. "घे दादा, निवंल," म्हणाली आणि आत निघून गेली.