भूमचा मोकळा खिळा

समिती म्हटली की काम मागं राहतं आणि किस्से पुढं जातात. मी आयुष्यात बऱ्याच समित्यांवर चहा सांगायचं काम केलं, त्यामुळं हे अनुभवानं बोलतोय. पण आमच्या ‘जिल्ह्याची थोर माणसं’ समितीनं जेवढं दिलं तेवढं कुणीच दिलं नाही. आता नुसतं कुणी “मग, भिंतीचं काय झालं?” असं विचारलं की मी खुर्ची ओढून बसतो.

काम तसं सोपं होतं. धाराशिवच्या आमच्या वाचनालयाला नवीन हॉल मिळाला. त्याच्या एका भिंतीवर या जिल्ह्यात जन्मलेल्या थोर माणसांच्या तसबिरी लावायच्या. तालुके आठ, म्हणून आठ खिळे ठोकले. आधी माणसं शोधावीत आणि मग खिळे ठोकावेत, हे कुणाला सुचलं नाही.

अध्यक्ष आमचे रिटायर्ड प्राचार्य. प्रत्येक तालुक्याचा एक सभासद. आणि सचिव मी. पहिल्याच मीटिंगला प्राचार्यांनी नियम केला. “जन्म जिल्ह्याच्या हद्दीतच झालेला पाहिजे. इथं नोकरी केली, इथून निवडून आले, असलं चालणार नाही. जन्म म्हणजे जन्म.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर भूमचे नाना उभे राहिले. नानांची दोन एकर शेती आणि चार म्हशी, पण समितीला यायचे ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. ते म्हणाले, “सर, एखाद्या तालुक्यात मानूसच घावला न्हाय तर?”

धाराशिव तालुक्याचे सभासद, तेरचे गुरुजी, बसल्या जागेवरून म्हणाले, “मग त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवा.”

सगळे हसले. नाना हसले नाहीत. खाली बसले आणि मीटिंग संपेपर्यंत भूमच्या वाट्याच्या सहाव्या खिळ्याकडं बघत राहिले.

*

सुरुवात एका नेत्यापासून झाली. नाव सांगत नाही, मला याच गावात राहायचं आहे. चौकाचौकात त्यांचे बॅनर, वर ‘या मातीचा सुपुत्र’. प्राचार्य आणि मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. साहेब खुश झाले. कोणता फोटो द्यायचा यावर पीएशी चर्चा सुरू झाली.

कोपऱ्यात साहेबांच्या आई लसूण सोलत बसल्या होत्या. प्राचार्यांनी आदरानं विचारलं, “आई, साहेबांचा जन्म याच गावातला ना?”

“न्हाय ओ, बिदरचा,” आई म्हणाल्या. “माजं माहेर तिकडं. पहिलटकरीन व्हते, आईनं नेलं.”

साहेबांचा चेहरा उतरला. पीए हुशार. तो म्हणाला, “पण साहेब लगेच जिल्ह्यात आले, सर.”

“किती लगेच?”

“तिसऱ्या महिन्यात. पाळण्यासकट.”

साहेबांच्या पुढच्या वाढदिवसाला बॅनरवरून ‘सुपुत्र’ गेलं आणि ‘लाडके’ आलं.

*

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. आणि आपण सुना करतो त्या बार्शीच्या, लातूरच्या, बिदर-गुलबर्ग्याच्या. म्हणजे जिल्ह्यातल्या निम्म्या घरातले थोरले लेक जिल्ह्याबाहेर जन्मलेले! एकेक नाव गळायला लागलं. एक वैद्य गेले, एक कीर्तनकार गेले, एक हिंदकेसरी होता होता राहिलेले पैलवान गेले. उरली ती दुसरी-तिसरी पोरं.

समितीत सुलभाबाई नावाच्या रिटायर्ड शिक्षिका आहेत. बोलतात कमी, पण बोलल्या की समोरचा चष्मा पुसायला लागतो. त्या म्हणाल्या, “सर, ही थोरांची भिंत आहे का धाकट्यांची?” मग जरा थांबून, “तुम्ही घरात कितवे, सर?”

प्राचार्य थोरले. आजोळ सोलापूर.

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. “माझी तसबीर लावायचा प्रश्नच येत नाही,” ते म्हणाले.

“नाही, म्हणून सहज विचारलं.”

भिंतीच्या मधोमध, आठ खिळ्यांच्या जरा वर, पेन्सिलनं एक फुली केलेली आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती. नववा खिळा कुणासाठी हे कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फुली खोडलेली दिसली. त्या दिवसापासून प्राचार्य नियमाला एवढे कडक झाले की काही विचारू नका. आपल्याला नाही तर कुणालाच नाही, असा तो कडकपणा होता.

*

तेरच्या गुरुजींचं वेगळंच. तेर जुनं गाव आहे, दोन हजार वर्षांपूर्वी तिथून रोमला माल जायचा, हे ते सांगतात. आम्हीही ऐकतो, कारण पर्याय नसतो. त्यांनी धाराशिव तालुक्याच्या खिळ्यासाठी उमेदवार आणला तो त्या काळातला एक व्यापारी.

“नाव?” प्राचार्यांनी विचारलं.

“नाव काळाच्या उदरात गडप झालं.”

“चेहरा?”

“तो पण.”

“जन्म तेरलाच झाला कशावरून?”

गुरुजींनी खिशातून खापराचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. “नदीकाठाला सापडलं. एवढा माल इथून जायचा म्हटल्यावर मालक काय बाहेरून यायचा व्हय?”

तसबीर कशाची लावायची म्हटल्यावर गुरुजी म्हणाले, “नुसती चौकट लावा. आत पाठीमागची भिंत दिसू द्या. खाली लिहा, तेरचा थोर व्यापारी.” प्राचार्यांनी नाही म्हटलं. बाहेर आल्यावर नाना मला हळूच म्हणाले, “आयला, ह्यांच्यात दोन हजार वर्सापूर्वीचा मिळतोय आन आमाला कालचा मिळंना.”

*

सास्तूरचा एक तरुण इंजिनियर लोहारा तालुक्याकडून यायचा. त्यानं एक जुने शिक्षक सुचवले. मोठा माणूस. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवली, पोरांची पाटी सुटू दिली नाही. कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. पण प्राचार्यांना प्रश्न पडलाच. “जन्म कोणत्या सास्तूरचा? भूकंपाच्या आधीच्या का नंतर बांधलेल्या?”

पोरगं शांतपणे म्हणालं, “सर, आधीच्या. नंतरच्यात जन्मलेले आम्ही. आम्ही सगळे सध्या पुण्यात नोकरी हुडकतोय. थोर व्हायला जरा वेळ आहे.”

त्या तसबिरीला मात्र कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. मला ती भिंतीवरची सगळ्यात खरी तसबीर वाटते.

*

मधेच एकदा सुलभाबाईंनी विचारलं, “या भिंतीवर बाई का नाही?”

प्राचार्य समजावणीच्या सुरात म्हणाले, “बाई, मुली इथं जन्मतात खऱ्या. पण लग्न होऊन जातात, नाव तिकडं काढतात. त्या तिकडच्या झाल्या.”

“आणि साहेब बिदरला जन्मले, नाव इथं काढलं. ते कुठले?”

“ते इकडचेच. फक्त नियमात बसत नाहीत.”

“म्हणजे ते नियमात बसत नाहीत तरी इकडचे. मुली नियमात बसतात तरी तिकडच्या.”

प्राचार्यांनी मला चहा सांगायला पाठवलं. आदला चहा अजून कपात होता.

शेवटी तुळजापूर तालुक्याच्या खिळ्यावर एक बाई लागल्या. परमुलखात दवाखाना चालवून नाव कमावलेल्या डॉक्टर. पेंटरनं खाली त्यांचं नाव बारीक आणि नवऱ्याचं ठळक काढलं. सुलभाबाई स्वतः रॉकेलचा बोळा घेऊन स्टुलावर चढल्या.

*

नानांचे प्रयत्न चालूच होते. एक शाहीर आणला, तो निघाला शेजारच्या परंडा तालुक्याचा. एक स्वातंत्र्यसैनिक आणला, त्यांच्या नातवानंच सांगितलं की आजोबा नगर जिल्ह्यातनं पळून आले होते. प्रत्येक वेळी प्राचार्य मान हलवायचे, बाकीचे खाली बघून हसायचे आणि नाना शर्टाची बाही ओढत बसायचे.

एका मीटिंगला तर ते डबाच घेऊन आले. टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत पांढराशुभ्र खवा.

“सर, मानूस न्हाय तर न्हाय. ह्याचा फोटू लावा. देशभर जातोय. आन ह्यो भूममधीच जन्मतोय, पुरावा मागू नका.”

आम्ही पोट धरून हसलो. खवा संपवला, ठराव नामंजूर केला. डबा बंद करताना नाना म्हणाले, “तुमाला हसाया काय जातंय. आमच्या शाळंतली पोरं मला इचारत्यात, नाना, आपल्यात कुनीच न्हाय का? त्यांस्नी काय सांगू?” मला त्या खाल्लेल्या खव्याची लाज वाटली.

*

आणि मग उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नाना धावत वाचनालयात आले. सात खिळे भरले होते, सहावा मोकळा. नानांच्या हातात कागदात गुंडाळलेली तसबीर होती.

“घावला, सर! आमच्या भावकीतला अंकुश. बेंगळुरात उपग्रह सोडतोय. शास्त्रज्ञ हाय. उद्या भूमवरनं दोन जीपा भरून मानसं येनार हायत.”

माणूस खरोखर मोठा होता. प्राचार्यांनी अंकुशला फोन लावला. तोही सरळ माणूस. म्हणाला, “कागदावर भूम आहे, सर. पण आई म्हणते, मी एसटीत झालो. भूम-बार्शी गाडीत.”

बार्शी म्हणजे सोलापूर जिल्हा. प्राचार्यांनी फोन ठेवला आणि आमच्याकडं पाहिलं. “गाडी तेव्हा कोणत्या हद्दीत होती?”

नाना म्हणाले, “सर, आता तरी सोडा. उद्या पोरं येनार हायत.”

“नियम मलाही लागला, नाना. आता तुम्हाला सोडू?”

मग काय, निघालो. प्राचार्य, नाना, सुलभाबाई आणि मी. भूमला जाऊन अंकुशच्या आईला, गयाबाईंना, जीपमध्ये पुढं बसवलं आणि बार्शीच्या रस्त्याला लागलो. गयाबाईंना वाटलं देवाला चाललोय, त्यांनी नारळ घेतला होता. नाना मागं बसून तसबीर मांडीवर धरून होते, खड्ड्यात काच फुटू नये म्हणून.

हद्दीच्या फलकाजवळ जीप थांबवली. प्राचार्य उतरले. फलकाच्या अलीकडं एक पाय, पलीकडं एक पाय, असे उभे राहिले.

“आजी, नीट आठवून सांगा. गाडी इथं कुठं थांबली होती?”

“थांबली कुठं?” गयाबाई म्हणाल्या. “सासूनं ज्वारी निघंस्तवर माहेराला सोडलं न्हाय. निघाले तवा कळा सुरू. बायकांनी मागल्या बाकड्यापाशी लुगडं धरलं. डायवर म्हनला, दवाखाना आल्याबिगर म्या बिरेक लावत न्हाय. गाडी पळतच व्हती.”

“मग अंकुश हद्दीच्या अलीकडं झाला का पलीकडं?”

गयाबाईंनी रस्त्याकडं पाहिलं. फलकाच्या अलीकडं आपला रस्ता, सगळे खड्डे. पलीकडं गुळगुळीत डांबर.

“तवा पन असाच व्हता,” त्या म्हणाल्या. “ह्या शेवटच्या खड्ड्यात गाडी आदळली आन डोस्कं भाईर आलं. तकडं चांगला रस्ता लागला, मग बाकीचं पोर निवांत झालं.”

प्राचार्यांनी एकदा खड्ड्याकडं बघितलं, एकदा डांबराकडं. सुलभाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

“नाना,” प्राचार्य शेवटी म्हणाले, “हे तर अर्धं-अर्धं झालं. आता काय करायचं?”

नाना जीपमधून उतरले. तसबिरीवरची धूळ बाहीनं पुसली.

“शास्त्रज्ञाचं काय लागतंय, सर? डोस्कंच की. ते आपल्यात आलं. बाकीचं बार्शीवाल्यांस्नी लखलाभ.”