हेल्मेटखालचा गॉगल

माझं डोकं परतीच्या वाटेवर, पिंपळगावच्या आसपास दुखायला लागायचं. घरी पोचेपर्यंत ते इतकं दुखायचं की दारातली चप्पल वाकडी पडली तरी तिचा आवाज माझ्या डोक्यात घुमायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी कीटकनाशकांच्या एका कंपनीत फिरतीवर होतो. सकाळी नाशकातून मोटारसायकल काढायची, चांदवड, देवळा, कधी मनमाड करायचं, दुकानादुकानांत ऑर्डर मागायची आणि ऑर्डरीऐवजी चहा पिऊन निघायचं. कंपनीने हेल्मेटची सक्ती केली होती. त्याच्या काचेवर इतके चरे पडले होते की ती खाली ओढली की भर दुपारी धुकं पडायचं. म्हणून काच वर. काच वर केली की उन्हाळी कांद्याच्या दिवसांत पुढच्या ट्रॅक्टरवरून उडणारी सालपटं थेट डोळ्यांत. म्हणून गॉगल.

हा गॉगल मी कसा निवडला, तर आरशात बघून. हेल्मेट बाहेर गाडीला अडकवून ठेवलं होतं, कारण दुकानात शिरताना केस नीट हवेत. होते ते तरी. रुंद, जाड दांड्यांचा काळा गॉगल चढवला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, एकदम ऑफिसर!" संपलं. पुढे काही बघायची गरजच मला वाटली नाही.

डोकेदुखी त्यानंतर लागली. पण गॉगल आणि डोकं यांचा संबंध लावायला लागतं तेच तर दुखत होतं. डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्तदाब बघितला, गोळ्या दिल्या आणि गाडीवरची फिरती कमी करा म्हणाले. मी मनातल्या मनात मेंदूत गाठ धरून चाललो होतो. देवळ्याचा घाट चढताना तर मी रोज थोडा थोडा वारत असे.

बायकोने तिच्या भावाला कळवलं. त्याचं मनमाडला भांड्यांचं दुकान. त्याचा लगेच फोन. "दाजी, सोडा ती वणवण. इथं गल्ल्यावर बसा. डोक्यावर पंखा, हाताशी माठ. आखाजीला येताय ना? तेव्हा सांगून टाका."

म्हणजे आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत, डोकं दुखायचं थांबलं नाही तर मी उरलेला जन्म मेव्हण्याच्या गल्ल्यावर बसून, "या ताई, कुकर दाखवू?" म्हणत काढणार होतो. नोकरीवर माझं प्रेम होतं असं नाही. पण मेव्हण्याच्या हाताखाली? त्यापेक्षा गाठ बरी.

एका संध्याकाळी मी नेहमीसारखा आडवा पडलो होतो आणि बायको कपाळाला बाम चोळत होती. तिचा हात कानाच्या वर थांबला.

"अहो, इथं नाली पडलीय."

"कसली नाली?"

"दोन्हीकडं आहे. सरळ. पट्टीनं आखल्यासारखी." ती उठली, गॉगल घेऊन आली आणि त्याची दांडी त्या खाचेवर ठेवली. चपखल बसली. "उद्या हा घालू नका."

"मग सालपटं?"

"एक दिवस खा."

खाल्ली. संध्याकाळी डोळे टोमॅटोसारखे लाल होते, आणि डोकं ठणठणीत. इतके महिने हेल्मेट त्या दांड्या माझ्या कवटीत दाबत होतं आणि मी औषधं गिळत होतो.

रविवारी दोघं त्याच दुकानात गेलो. या वेळी मी हेल्मेट घालूनच आत शिरलो. दुकानदाराने आधी गल्ल्याचा खण लोटला, मग मला ओळखलं.

"साहेब, हेल्मेट काढा. त्याच्यात कसा दिसतो ते कळणार नाही."

"कळायला नकोच आहे!" मी ओरडलो. आत आपलाच आवाज घुमतो, माणूस उगाच ओरडतो.

जाड दांड्या आतच शिरेनात. एका गॉगलच्या दांडीला मागे आकडा होता, तो अस्तरात अडकला आणि गॉगल भुवईवर जाऊन बसला. एकाची दांडी कानावर बसायच्या ऐवजी कानात गेली. आरशात मला फक्त माझं नाक दिसत होतं. बायको स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. "मान फिरवा. खाली बघा. आता जांभई द्या." जांभईसाठी मला काही करावं लागलं नाही.

शेवटी एक सापडला. पातळ, सरळ, चपट्या तारेच्या दांड्या, सुरीसारख्या आत सरकल्या. बायकोने मला तसंच बसवून ठेवलं आणि सावकाश चहा प्यायली. कुठंही रुतेना.

दुकानदार अवघडून म्हणाला, "वहिनी, तो लेडीज आहे." कोपऱ्यात खरंच एक सोनेरी फूल होतं.

"असू द्या. डोकेदुखी काय जेन्ट्स होती?"

देवळ्याच्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी फूल हेरलं. "लय भारी, साहेब! पन वहिनींला उन्हात उघडंच सोडलं का?" पुढे तो रोज नमस्काराच्या जागी वहिनींच्या डोळ्यांची चौकशी करू लागला. करू दे. मी रोज शाबूत डोक्याने घरी येत होतो.

आखाजीला मनमाडला गेलो. जेवण झालं, पुरणपोळी आणि आमरस. मेव्हणा म्हणाला, "मग दाजी, कधीपासून?"

"डोकं थांबलं माझं," मी म्हणालो, आणि पुरावा म्हणून बायकोने माझ्या खिशातून गॉगल काढून सगळ्यांना फूल दाखवलं. हसण्याची लाट ओसरल्यावर मेव्हणा म्हणाला, "मग गावातल्या एकाला विचारतो."

"विचार," मी ऐटीत म्हणालो.

दुपारी त्याने सहज दुकान दाखवायला नेलं आणि दोन मिनिटं गल्ल्यावर बसा म्हणून मागे गेला. वर पंखा संथ फिरत होता. माठातलं पाणी वाळ्याचं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. खुर्चीला गादी होती. बाहेर रस्ता उन्हाने पांढरा पडला होता आणि त्यावरून कोणीतरी एक हेल्मेटवाला चालला होता. मेव्हणा परत आला तेव्हा मला गाढ झोप लागली होती.

"त्या माणसाला विचारलंस का रे?" मी डोळे चोळत म्हणालो.

"हो. उद्यापासून येतोय."

दुसऱ्या दिवशी देवळ्याच्या घाटात पुढे कांद्याचा ट्रॅक्टर होता आणि सालपटं फुलावर आपटत होती. मी कानाच्या वर बोट घालून दाबून बघितलं, दोन्हीकडे. काही म्हणता काही दुखत नव्हतं.