शाळेच्या ट्रम्पेटची सवय

शाळा कायमची संपली की पोरं दप्तर कोपऱ्यात फेकून मोकळी होतात. या पोरीकडून मात्र शाळेनं ट्रम्पेट परत मागून घेतलं, आणि तिथंच तिचं घोडं अडलं. घरात तिला सगळे भोंगा म्हणत. संध्याकाळी ती वाजवायला बसली की तिच्या बापाला टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. आता घर शांत झालं होतं आणि पोरगी बेचैन.

ती लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाला लागली, पण जीव सगळा गावच्या बँडमध्ये. बँडमास्तर एका वाक्यात बोलून मोकळा झाला होता, "वाद्य स्वतःचं आणा, रविवारी वाजवून दाखवा, मग बघू." म्हणून शनिवारी ती वाद्यांच्या दुकानात गेली. सोबत आत्या. आत्याला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सगळी हयात चष्म्याच्या दुकानात गेलेली, त्यामुळे खरेदीचा शेवटचा शब्द आपलाच, असा तिचा पक्का समज.

दुकानदारानं कपड्यानं पुसून एक ट्रम्पेट पुढं केलं. पोरीनं फुंकलं. सूर छान वर चढत गेले आणि मध्येच एका सुरावर तिनं नाक मुरडलं.

"हा सूर चढा लागतोय."

दुसरं घेतलं, तेच. तिसरं, तेच. दुकानदाराचा चेहरा पडला. "ताई, सगळी कालच तपासलीत हो."

आत्या उठली आणि तिनं दुकानच ताब्यात घेतलं. "डोळे मीट. आमच्याकडे गिऱ्हाइकाला असंच विचारतात, हे बरं की ते?" आणि एकेक वाद्य तिच्या हातात देत सुटली. खालच्या फळीवरचं, पॉलिश उडालेलंसुद्धा तिनं सोडलं नाही. ते वाजवलं आणि पोरीचा चेहरा उजळला.

"हे. हेच."

दुकानदार घुटमळला. "ते कुणीतरी विकायला ठेवलंय. स्वस्तात देईन, पण आधीच सांगतो, पडून वाकलंय. मधला तो सूर उतरतो."

"सगळ्या दुकानात एकच बरं, आणि तेच नेमकं बिघडलेलं?" आत्या स्टुलावर बसली. "आमच्याकडे एक बाई यायची. नवऱ्याचाच चष्मा लावून वर्षानुवर्षं शिवणकाम केलेलं. तिला तिच्या नंबरचा दिला, तर म्हणते, गरगरतंय, परत घ्या. शाळेचं ट्रम्पेट कसं होतं गं?"

पोरीचे कान तापले. त्यालाही पोचा होता. पहिल्याच वर्षी शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, तो सूर उतरतोय, जरा ओठानं वर ढकल. तिनं ढकलला, रोज ढकलला, आणि आपण ढकलतोय हेच विसरून गेली. शाळेत टाळ्या मिळाल्या त्या वाजवण्याच्या की टेकू देण्याच्या? तिला रडू यायला लागलं. पण त्या रडण्याच्या आड एक भलतंच कुतूहल जागं झालं. न ढकलता तो सूर कसा लागत असेल?

तिनं पहिलं ट्रम्पेट पुन्हा घेतलं. ओठ आपोआप आवळले. पुन्हा आवळले. दुकानदार म्हणाला, "सोडा, त्याचा तो येईल." बऱ्याच वेळानं, एकदाच, तो आला. सरळ, भरलेला, काही कष्ट न घेता. पुढच्या खेपेला परत चढला.

"ते जुनंच घे," आत्या म्हणाली. "उद्याचं निभावून ने. मागनं बदलता येईल."

"आणि मागनं सवय कोण बदलणार?" पोरीनं चांगलं ट्रम्पेट छातीशी धरलं. "मला तो सूर बघायचाय."

"हट्टी. बापावर गेलीस," असं म्हणत आत्यानं पेटीचं झाकण लावून दिलं.

रविवारी व्हायचं तेच झालं. धून त्या जागी आली आणि सूर चढला. बँडमास्तरानं हात वर केला. पुन्हा वाजवलं, पुन्हा चढला. "घाबरले होते," असं तिला सांगता आलं असतं.

"वाद्य चांगलं आहे," ती म्हणाली. "मला वाकलेल्या ट्रम्पेटची सवय आहे. मी ती सोडवतेय."

बँडमास्तरानं मागं बोट दाखवलं. "मागच्या ओळीत बस. बाकीचं वाजव. तो सूर आला की ट्रम्पेट खाली. नुसतं ऐकायचं. तोंडाला कधी लावायचं, ते मी सांगेन."

घेतलं म्हणायचं की नाही, हेच तिला क्षणभर कळेना. मग कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची सरकवली.

त्याच संध्याकाळी ती सगळ्यांबरोबर वाजवायला बसली. धून चढत चढत त्या जागी आली आणि तिनं ट्रम्पेट मांडीवर घेतलं. चारी बाजूंनी तो सूर उठला. इतकी वर्षं रोज वाजवलेला तो सूर पोरगी पहिल्यांदाच ऐकत होती.