डावखुरा मोठा की भिंत?

आमच्या बाबांनी आयुष्यभर गवत सांभाळलं. लहानपणी कुणी विचारलं, "वडील काय करतात?" तर मी मोघमपणे "टेनिस क्लबात असतात" म्हणायची, आणि समोरच्याला वाटायचं, खेळतात. बाबांनी रॅकेट हातात धरली ती फक्त कुणाची विसरलेली परत द्यायला. क्लबाच्या हिरवळीच्या कोर्टाचे ते माळी. त्यांच्याआधी त्याच कोर्टाचे माळी होते त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका. काकांच्या गुडघ्यांनी राम म्हटला, रोलर बाबांच्या हाती आला आणि भावाभावांत भांडण लागलं. भांडण जमिनीवरूनच होतं, फक्त वाटणीचं नव्हतं.

काकांच्या काळात क्लबाची मोठी स्पर्धा डावखुरा जिंकायचा. डाव्या हाताने सर्व्हिस करायची आणि चेंडू पलीकडे पोचायच्या आत स्वतः जाळीशी हजर, असा त्याचा खेळ. काका कोर्ट मऊ ठेवायचे, पाणी भरपूर. चेंडू पडला की सरपटायचा, वर यायचं नावच नाही. बाबांच्या काळात दुसराच एक पोरगा आला. तो मागची रेषा सोडायचाच नाही. काहीही मारा, चेंडू परत. त्याला आमच्या घरात भिंत म्हणायचे. बाबांनी बियाणं बदललं होतं, पाणी कमी केलं होतं, रोलर जास्त फिरवायला लागले होते. चेंडू छान कमरेपर्यंत उसळायचा, आणि भिंतीला तेच हवं असायचं.

काका रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे. कप खाली ठेवायच्या आत सुरू.

"तुझी भिंत माझ्या कोर्टावर उभी करून दाखव. चेंडू घोट्याच्या वर येणार नाही. मारेल काय, माती?"

"आणि तुझा डावखुरा माझ्या कोर्टावर जाळीशी धावला असता ना दादा, तर डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूंना नमस्कार करत बसला असता!"

आई दोघांनाही कंटाळली होती. मला मात्र गंमत वाटायची, कारण एरवी बाबा अगदी मुखदुर्बळ माणूस. वाण्याने नासकं दूध दिलं तर परत करायला आईला पाठवणार. दिवसभर कोर्टावर ओणवे होऊन तण उपटायचं, सकाळी जुना चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडून किती उसळतो ते बघायचं, नाराज होऊन परत रोलर ओढायचा. कुठल्या लॉनवरच्या लग्नाला गेलो की नवरानवरीकडे बघायच्या आधी हे खाली बसून बोटांनी गवत चाचपणार. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग क्लबाच्या कमिटीत टूम निघाली, की गवत काढून त्या जागी प्लास्टिकचं हिरवं कोर्ट घालायचं. त्याला ना पाणी, ना कापणी. बाबांची झोप उडाली. कमिटीत एक वकीलबाई होत्या, त्यांना गवताचं प्रेम. त्यांनी सगळ्यांचं मन वळवलं, की निदान मत घेण्याआधी दोन्ही माळ्यांचं म्हणणं ऐकू. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "निम्म्या लोकांचं अजून ठरलेलं नाही. दोघांना नीट बोलायला सांग."

मी आठवडाभर दोघांना पढवलं. "गवतावरचा खेळच वेगळा, ते काढू नका, आम्ही सांभाळतो. बस्स. एवढंच बोलायचं." दोघे शहाण्या मुलांसारखे माना हलवायचे. काकांचे गुडघे म्हणून त्यांना धरून न्यायला मीही गेले आणि दाराशी खुर्चीवर बसले.

सुरुवात उत्तम झाली. काकांनी पढवलेलं सगळं म्हटलं. बाबांनी त्याच्यात एक वाक्य स्वतःचं घातलं, तेही बरं होतं. वकीलबाई माझ्याकडे बघून हसल्या. आणि अध्यक्ष, भला माणूस, नुसतं दोघांना मोकळं वाटावं म्हणून म्हणाले, "मग सांगा बघू, तुम्ही दोघांनी दोघांनाही पाहिलंय. गवतावर मोठा कोण? डावखुरा की...?"



"डावखुरा! विचारायचं काय त्यात?" काका उभेच राहिले, गुडघे विसरून. "तो दुसरा जिंकला, कारण ह्याने गवताची वाट लावली. आता ते गवत राहिलंय का? सिमेंटला हिरवा रंग दिलाय नुसता! त्यापेक्षा सिमेंटवर खेळा!"

मी डोळे मोठे केले, हात हलवला, खोकले. बाबांचे कान लाल झाले होते.

"सिमेंट? आणि तुझं काय होतं? चिखल! लोक चालत यायचे आणि लंगडत जायचे. दोघांचे पाय मोडले तुझ्या कोर्टावर, विसरलास? जरा सर आली की दोन दिवस खेळ बंद!"

"पाय मोडले ते त्यांना धावता येत नव्हतं म्हणून!"

कमिटी हसायला लागली. अध्यक्षांनी हसतहसतच हात वर केला. "म्हणजे आत्ताचं गवत सिमेंटसारखं आणि आधीचं पाय मोडणारं. दोन्ही जाणकारांचं एकमत झालं म्हणायचं." सेक्रेटरीने ते लिहून घेतलं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, पण माझं कोण ऐकणार होतं?

हे दोघे भांडतभांडतच फाटकापर्यंत आले. तिथे मी त्यांना थांबवलं आणि कमिटीने त्यांच्या भांडणाचा काय अर्थ लावला ते सांगितलं. काका मटकन कठड्यावर बसले.

"पण मी त्यांना कुठे सांगितलं?" बाबा म्हणाले. "मी तर दादाला सांगत होतो."

ते तसेच मागे वळले. मीही गेले. मत घेऊन झालं होतं. बाबा दारात उभे राहून म्हणत होते, "साहेब, ते आमचं घरचं बोलणं होतं, तसं नाहीये ते, गवत चांगलं आहे, दादाचंही चांगलं होतं..." सेक्रेटरी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "माळीकाका, झालं आता. तुमची नोकरी कुठे जात नाही." जगात इतकं लाचार कुणी दिसू नये, तसे माझे बाबा त्या दारात दिसत होते, आणि मला त्यांना तिथून नुसतं हाताला धरून आणता आलं.

नोकरी खरंच गेली नाही. आता ते प्लास्टिकच्या कोर्टावर ब्रश फिरवतात, पाला उडवायचं यंत्र चालवतात. कपडे स्वच्छ राहतात म्हणून आई खूश होण्याचा प्रयत्न करते.

काका चहाला येतात अजून. परवा टीव्हीवर कुठल्याशा परदेशी हिरवळीवरची फायनल लागली होती. दोघे शेजारी बसून बघत होते. एक खेळाडू सारखा जाळीकडे धावत होता, दुसरा मागून परतवत होता. भांडणाला इतका सोपा झेल मिळाला होता, पण कुणी तोंड उघडेना. मला ती शांतता सोसेना. म्हटलं, "काका, सांगा ना. डावखुरा मोठा की भिंत?"

काकांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"दोघंही चांगले होते," ते म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले.